‘कधीमधी’ची सवय आणि विम्याच्या फॉर्मवरची खूण

आयुर्विम्याच्या प्रपोजल फॉर्मवर व्यसनांविषयीचा प्रश्न जेमतेम एका ओळीचा असतो. तंबाखू कोणत्याही स्वरूपात घेता का, पूर्वी घेतली आहे का, एवढेच त्यात विचारलेले असते आणि पुढे ‘होय’ व ‘नाही’ अशा दोन चौकटी असतात. रोज पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्याला आणि जन्मात तंबाखूला हात न लावलेल्याला याचे उत्तर देणे सोपे आहे. अडचण होते ती मधल्या माणसाची. वर्षातून चार-दोन वेळा मित्रांच्या बैठकीत चिरूट पेटवणारा, लग्नाच्या मांडवात एखादी सिगारेट घेणारा किंवा ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत उभा असताना शेजाऱ्याकडून चिमूटभर तंबाखू मागून घेणारा माणूस स्वतःला व्यसनी समजत नाही. तो ‘नाही’वर खूण करतो. ती खूण खोटी आहे असे त्याला वाटतही नाही. तो गेल्यावर मात्र त्याच खुणेपायी घरच्यांना विम्याच्या रकमेसाठी कंपनीच्या आणि आयोगाच्या पायऱ्या चढाव्या लागू शकतात.

निफाड तालुक्यातील सायखेडा हे गोदाकाठचे, कांदा-द्राक्षाचे गाव. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार येथे भरतो. परिसरातील शेतकरी कर्ज काढून द्राक्षबाग उभी करतो. एक अवकाळी पाऊस किंवा २०१९ च्या ऑगस्टसारखा गोदावरीचा पूर त्या बागेचा हिशेब उलटा करून टाकतो. अशा घरातला कर्ता माणूस अकाली गेला, तर मागे शेतीबरोबर कर्जही उरते. म्हणून मुदतीचा विमा, म्हणजे ज्याला सगळे आता ‘टर्म प्लॅन’ म्हणतात तो, शहरातल्या नोकरदारापेक्षा इथल्या कुटुंबाला जास्त गरजेचा आहे. आणि तंबाखूही इथे परकी नाही. शेजारचे सिन्नर हे विडी वळणाऱ्यांचे जुने गाव. तंबाखू-चुन्याची डबी अनेक खिशांत असते. घरातल्या थोरल्या बायका दात घासायला मिश्री वापरतात. विंचूरच्या वाइन पार्कपासून नाशिकच्या रिसॉर्टांपर्यंत नव्या पार्ट्यांमध्ये आता सिगारही दिसू लागली आहे. विम्याच्या दृष्टीने ही सगळी एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते. त्यात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. महाराष्ट्रात ‘मी स्मोकर नाही’ हे वाक्य म्हणूनच फसवे ठरते. ते बोलणारा खरेच बोलत असतो, पण फॉर्मवर विचारलेले असते तंबाखूबद्दल.

नमुन्यात सापडणारा साक्षीदार

विमा कंपन्या केवळ शब्दावर विसंबत नाहीत. मोठ्या रकमेच्या पॉलिसीसाठी लघवीची, काही वेळा रक्ताची किंवा लाळेची तपासणी होते आणि तीत ‘कोटिनीन’ शोधले जाते. तंबाखूतील निकोटीन शरीरात गेले की यकृतातील विकर त्याचे रूपांतर करतात. त्यातला मोठा भाग, साधारण ७० ते ८० टक्के, कोटिनीन बनतो. निकोटीन स्वतः चंचल आहे. रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. कोटिनीनला निम्म्यावर यायला मात्र सोळा ते वीस तास लागतात. त्यामुळे तंबाखू घेतल्यानंतर काही दिवस ते लघवीत सापडत राहते आणि नेहमी घेणाऱ्याच्या शरीरात अधिक काळ रेंगाळते. निकोटीन लपते, कोटिनीन साक्ष देते.

हा साक्षीदार जितका पक्का तितकाच मर्यादितही आहे. कोटिनीन विडीतून आले, सिगारमधून आले, गुटख्यातून आले की मिश्रीतून, हे तपासणी सांगू शकत नाही. तंबाखू सोडण्यासाठी चघळायच्या निकोटीन गमने किंवा अंगाला लावायच्या निकोटीन पट्टीनेही ती ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते, कारण तिथेही निकोटीनच असते. घरात दुसरा कोणी ओढत असेल तर त्याच्या धुरानेही थोडे कोटिनीन येते. पण ते प्रमाण बरेच कमी असल्याने तपासणीत एक मर्यादा ठरवलेली असते आणि तिच्या वर गेल्यावरच नमुना तंबाखू घेणाऱ्याचा मानला जातो. उलट बाजूही आहे. महिन्यापूर्वी ओढलेल्या एका सिगारचा माग या तपासणीत लागणार नाही. म्हणजे तपासणी गेल्या काही दिवसांबद्दल बोलते आणि फॉर्म गेल्या काही वर्षांबद्दल विचारतो. या दोहोंतल्या फटीतच ‘कधीमधी’वाला माणूस अडकतो.

काहींना ही फट सोयीची वाटते. आठवडा-दोन आठवडे तंबाखू बंद ठेवायची, नमुना स्वच्छ द्यायचा, ‘नाही’वर खूण करायची आणि स्वस्त हप्ता मिळवायचा, असा सल्ला खासगीत दिला जातो. पण तपासणीतून सुटला म्हणजे फॉर्मवरच्या उत्तरातून सुटला असे होत नाही. नमुना एका दिवसाचा असतो, सही पूर्ण करारावर असते.

आयुर्विमा महामंडळाच्या २०१९ मध्ये आलेल्या ‘जीवन अमर’ आणि ‘टेक टर्म’ या मुदतीच्या योजनांत धूम्रपान न करणाऱ्यांचा आणि करणाऱ्यांचा असे दोन दर ठेवले गेले. न करणाऱ्याचा कमी दर हवा असेल तर लघवीतील कोटिनीनची तपासणी द्यायची. बाकी सर्वांना धूम्रपान करणाऱ्यांचा दर, असा नियम होता. खासगी कंपन्यांतही अशीच विभागणी आहे. ही कल्पना नवी नाही. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्जन जनरलने धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध मांडणारा अहवाल प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी तिथल्या स्टेट म्युच्युअल या विमा कंपनीने न ओढणाऱ्यांसाठी स्वस्त पॉलिसी काढली. हप्ता म्हणजे मृत्यूच्या शक्यतेची किंमत. ती शक्यता वेगळी, तर किंमत वेगळी.

थोडे ओढले तर धोकाही थोडाच?

‘वर्षातून दहा सिगार ओढणाऱ्याला रोज दहा सिगारेट ओढणाऱ्याच्या रांगेत का बसवता?’ ही तक्रार अगदीच बिनबुडाची नाही. पण विज्ञान या तक्रारीला अर्धेच बळ देते.

सिगारचा धूर छातीत ओढत नाही, तोंडातच फिरवून सोडतो, म्हणून ती निरुपद्रवी, असा समज आहे. पारंपरिक सिगारच्या तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो. अशा धुरातले निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शोषले जाते. त्यासाठी झुरका छातीपर्यंत जावा लागत नाही. मोठ्या सिगारमधली तंबाखू सिगारेटच्या एका आख्ख्या पाकिटाइतकी भरू शकते. नियमित सिगार ओढणाऱ्यांत तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे निष्कर्ष जुने आणि पक्के आहेत. विडीची कथाही वेगळी नाही. तेंदूच्या पानातली तंबाखू थोडी असली तरी विडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने ओढावी लागते; त्यामुळे निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा वाटा सिगारेटपेक्षा कमी राहत नाही, उलट वाढतो.

फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारणपणे किती ओढले आणि किती वर्षे ओढले यावर चढत जातो. हृदयाचे गणित तसे सरळ चालत नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलित अभ्यासात, रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यांत हृदयविकाराचा वाढीव धोका रोज वीस ओढणाऱ्यांच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा आढळला. विसावा भाग तंबाखूला विसावा भाग धोका असेल, ही अपेक्षा तिथे खोटी ठरली. कारण धुराच्या थोड्याशा मात्रेनेही रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते आणि रक्तातील बिंबाणू चिकट होतात. हा परिणाम सुरुवातीलाच झपाट्याने चढतो आणि पुढे मंदावतो. अमेरिकेतील आणखी एका अभ्यासात, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आयुष्यभर दिवसाला सरासरी एकापेक्षा कमी सिगारेट ओढणाऱ्यांत कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा ६४ टक्के जास्त दिसला.

हे अभ्यास रोज किंवा जवळपास रोज थोडे ओढणाऱ्यांचे आहेत, हे लक्षात ठेवायला हवे. वर्षातून दोनदा सिगार पेटवणाऱ्याचा धोका नेमका किती, हे त्यांतून काढता येत नाही; तो रोजच्यापेक्षा पुष्कळ कमी असणार हे उघड आहे. म्हणूनच अमेरिकेतील काही विमा कंपन्या अशा माणसाला न ओढणाऱ्याचा दर देतात. अट दोन गोष्टींची असते. वर्षाकाठी ओढलेल्या सिगारची संख्या ठरावीक मर्यादेत हवी आणि ती फॉर्मवर लिहिलेली हवी. शिवाय नमुना निकोटीनमुक्त हवा. खरे सांगणाऱ्याला तिथे सवलत आहे. आपल्याकडे बहुतेक फॉर्म ‘होय’ आणि ‘नाही’ यांपलीकडे फारसे जात नाहीत. त्यामुळे खरे बोलण्याची किंमत पूर्ण हप्त्याने मोजावी लागते आणि खोटे बोलण्याचा मोह वाढतो.

कायदा कोणाच्या बाजूने?

विम्याचा करार परम सद्भावावर उभा असतो, असे न्यायालये वारंवार सांगतात. आपल्या प्रकृतीविषयी आणि सवयींविषयी जे प्रस्तावकाला माहीत आहे ते कंपनीला माहीत नसते. म्हणून विचारलेले खरे सांगणे हे त्याचे कर्तव्य. पण कंपनीला वाटेल तेव्हा जुने फॉर्म उकरून दावा फेटाळता येऊ नये, यासाठी १९३८ च्या विमा कायद्यात कलम ४५ आहे. २०१५ च्या दुरुस्तीने ते बरेच स्पष्ट झाले. पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाली की त्यानंतर कोणत्याही कारणावरून तिच्यावर प्रश्न उपस्थित करता येत नाही. चौथ्या वर्षी मृत्यू झाला, तर फॉर्मवर काय लिहिले होते यावरून दावा नाकारता येणार नाही.

खरी कसोटी पहिल्या तीन वर्षांची. या काळात कंपनी दोन कारणांनी पॉलिसी नाकारू शकते : फसवणूक, किंवा महत्त्वाची माहिती चुकीची देणे वा दडवणे. दोहोंतला फरक घरच्यांसाठी मोठा आहे. फसवणूक नसून केवळ माहितीची चूक असेल, तर कंपनीला तोवर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करावे लागतात. शिवाय दडवलेली गोष्ट महत्त्वाची ठरायची तर तिचा जोखमीशी थेट संबंध हवा; आणि ती कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने कंपनीवर टाकली आहे. कधीमधी सिगार ओढणाऱ्याला कंपनीने पॉलिसी नाकारली नसती, फार तर हप्ता वाढवला असता, हा मुद्दा वारसांना इथे मांडता येतो.

आरोप फसवणुकीचा असेल तर पारडे फिरते. माहीत असलेली गोष्ट कंपनीला फसवण्याच्या हेतूने दडवणे ही कायद्याच्या लेखी फसवणूक आहे. आपल्याला खरे वाटले तेच लिहिले, किंवा दडवण्याचा हेतू नव्हता, असा बचाव करता येतो. पण पॉलिसीधारक हयात नसेल तर तो सिद्ध करण्याचा भार वारसांवर येतो. नवरा वर्षातून किती वेळा आणि कुठे ओढायचा, फॉर्मवर खूण करताना त्याच्या मनात काय होते, हे त्याच्या मागे राहिलेल्या बायकोने सिद्ध करायचे. ‘नाही’वरच्या खुणेची खरी किंमत ही आहे.

पुरावा येतो तो बहुधा दवाखान्यातून. पहिल्या तीन वर्षांत आलेल्या दाव्याची कंपनी चौकशी करते. शेवटच्या आजारातले केसपेपर मागवले जातात, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे निवेदन घेतले जाते. रुग्णाला दाखल करताना नातेवाइकांनी घाईत सांगितलेले ‘दहा वर्षांपासून तंबाखू खातात’ हे वाक्य डॉक्टरने टिपून ठेवलेले असते. उपचारासाठी ते सांगणे आवश्यकच होते आणि ते लपवण्याचा सल्ला कोणी कधी देऊ नये. पण फॉर्मवरच्या ‘नाही’ समोर ते वाक्य ठेवले की प्रकरण उभे राहते.

न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात मृत्यू हृदयविकाराच्या झटक्याने झाला होता आणि विमेदाराने कंबरेच्या मणक्याचे दुखणे सांगितले नव्हते. त्या दुखण्याचा मृत्यूशी संबंध नाही, म्हणून दावा नाकारणे योग्य नाही, असे सांगून न्यायालयाने वारसांना न्याय दिला. २०२० च्या एका निकालात मात्र, पॉलिसी घेतल्यावर महिन्याभरातच मरण पावलेल्या विमेदाराने आधीचा आजार दडवल्याचे दिसले आणि न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. मार्च २०२५ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या आरोग्य पॉलिसीच्या एका प्रकरणात दीर्घकाळच्या मद्यपानाची माहिती दडवल्याबद्दल दावा नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवले. यांतून निघणारा अर्थ असा, की किरकोळ, जोखमीशी संबंध नसलेली चूक माफ होऊ शकते. व्यसनाची मात्र सहजासहजी होत नाही. तंबाखूचा हृदय, मेंदू आणि कर्करोग यांच्याशी असलेला संबंध इतका उघड आहे, की ‘मृत्यूशी संबंध नव्हता’ हा बचाव तिथे क्वचितच टिकेल.

‘फॉर्म एजंटने भरला’

ग्रामीण भागातला सर्वांत मोठा कच्चा दुवा हा आहे. फॉर्म लांबलचक, भाषा किचकट, पुष्कळदा इंग्रजी. एजंट ओळखीचा, कधी भावकीतला. ‘अण्णा, तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघतो,’ असे तो म्हणतो. व्यसनाच्या सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहिले की पॉलिसी लवकर निघते, तपासणीचा फेरा टळू शकतो, हप्ता कमी दिसतो आणि गिऱ्हाईक हातचे जात नाही. त्याचे कमिशन त्या दिवशीच्या पॉलिसीवर असते, दहा वर्षांनंतरच्या दाव्यावर नसते.

पुढे ‘आम्ही सांगितले होते, एजंटने लिहिले नाही’ हे म्हणणे टिकवणे अवघड आहे. सही करणारा फॉर्ममधल्या मजकुराला बांधील राहतो, कोणी दुसऱ्याने भरला म्हणून त्याला जबाबदारी झटकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. दुसरीकडे, कलम ४५ मध्येच असे म्हटले आहे की पॉलिसीची बोलणी करणारी व्यक्ती करार होण्यापुरती विमा कंपनीची एजंट मानली जाईल. आणि जी गोष्ट कंपनीला ठाऊक होती ती दडवली असे म्हणता येत नाही. म्हणजे वाट अगदीच बंद नाही. पण ती वाट पुराव्याने चालायची असते आणि ओट्यावर तोंडी सांगितलेल्या गोष्टीचा पुरावा नसतो.

फॉर्म प्रादेशिक भाषेत सही करणाऱ्यासाठी किंवा दुसऱ्याने भरला असेल तर, मजकूर समजावून सांगितल्याचे एक निवेदन फॉर्मच्या शेवटी असते. ते बहुतेक वेळा नुसतेच सही करून पुढे सरकवले जाते. ते प्रत्यक्षात पाळले गेले तर निम्मे वाद जन्मालाच येणार नाहीत.

हप्ता खंडला की घड्याळ पुन्हा सुरू

कांद्याचे भाव पडले की पहिली कात्री ज्या खर्चांना लागते, त्यांत विम्याचा हप्ता असतो. वार्षिक, सहामाही किंवा तिमाही हप्त्याला साधारण ३० दिवसांची सवलत असते. तीही उलटली की मुदतीचे संरक्षण थांबते. पुढच्या हंगामात पैसे आले की थकबाकी भरून पॉलिसी पुन्हा चालू करता येते. त्या वेळी प्रकृती आणि सवयींचे निवेदन पुन्हा द्यावे लागते. सहसा सांगितले न जाणारे कलम इथेच आहे : तीन वर्षांची मुदत पॉलिसी निघाल्यापासून, जोखीम सुरू झाल्यापासून, रायडर जोडल्यापासून किंवा पॉलिसीचे पुनरुज्जीवन झाल्यापासून, यांतली जी तारीख सर्वांत शेवटची तिच्यापासून मोजली जाते. पाच वर्षे नीट भरलेली पॉलिसी एकदा खंडली आणि पुन्हा चालू केली, की चौकशीचे घड्याळ पुन्हा शून्यावर येते. पहिल्यांदा फॉर्म भरताना तंबाखूला हात न लावलेला माणूस मधल्या काळात विडी ओढू लागला असेल, तर या निवेदनात ते सांगणे त्याचे कर्तव्य ठरते.

पॉलिसी सुरळीत चालू असताना नंतर कधी सवय लागली, तर सर्वसाधारण आयुर्विम्यात ती कळवण्याचे बंधन नसते. करार झाला त्या दिवशीची स्थिती महत्त्वाची. याची दुसरी बाजू अशी, की ‘होय’ लिहून जास्त हप्ता लागलेला माणूस नंतर तंबाखू सोडून मोकळा झाला तरी जुन्या पॉलिसीचा हप्ता सहसा उतरत नाही. त्याला नवी पॉलिसी घ्यावी लागते. तोवर वय वाढलेले असते. सोडणाऱ्याला बक्षीस द्यायची सोय बहुतेक योजनांत नाही.

स्वच्छ प्रश्न, स्वच्छ उत्तर

यावर उपाय अवघड नाहीत. प्रश्न एका ओळीत न गुंडाळता वेगवेगळे विचारावेत : सिगारेट-विडी, सिगार, चघळायची तंबाखू, मिश्री, शेवटचे कधी घेतली आणि वर्षातून किती वेळा. काही कंपन्या गेल्या बारा महिन्यांबद्दल विचारतात, काही त्याहून मागे जातात, काही ‘कधीही’ म्हणतात. हा गोंधळ विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, एकसारखी व्याख्या ठरवून मिटवायला हवा. कधीमधी घेणाऱ्यासाठी मधला दर असावा. तो असेल तर खोटे बोलण्याचे कारणच उरणार नाही. पाच वर्षे तंबाखूमुक्त राहून तपासणी देणाऱ्याचा हप्ता उतरावा. वैद्यकीयदृष्ट्या त्याला आधार आहे : धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि मिश्री घासणाऱ्या बाईला तिची मिश्री म्हणजे तंबाखूच आहे हे फॉर्मवर मराठीत, ठळक अक्षरात कळले पाहिजे.

हे नियम होतील तेव्हा होतील. तोवर सायखेड्यातल्या किंवा कुठल्याही गावातल्या कुटुंबाने काही गोष्टी आजच कराव्यात. फॉर्म स्वतः किंवा घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्यावा. व्यसनाच्या प्रश्नाला ‘होय’ लिहून पुढे ‘वर्षातून दोन-तीन वेळा, शेवटचे अमुक महिन्यात’ असे नेमके लिहावे. ‘होय’ लिहिल्याने विमा मिळत नाही हा गैरसमज आहे. बहुतेक वेळा तो मिळतो, हप्ता थोडा जास्त लागतो. समजा, त्यासाठी वर्षाला सहा हजार रुपये जास्त गेले, तर महिन्याला ते पाचशे होतात. तीस-चाळीस लाखांचा दावा अडकण्याच्या शक्यतेपुढे हा खर्च फार नाही. पॉलिसी हाती आल्यावर तिच्यासोबतची प्रपोजल फॉर्मची प्रत तपासावी. त्यात चूक दिसली तर लगेच लेखी कळवून पोहोच घ्यावी. पॉलिसी पसंत नसेल तर ती मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

जुन्या पॉलिसीत ‘नाही’ लिहिले गेले असेल तर गप्प बसून तीन वर्षे उलटायची वाट पाहणे हा जुगार आहे. कंपनीला पत्र लिहून दुरुस्ती करून घेणे आणि लागला तर जास्तीचा हप्ता भरणे हेच शहाणपणाचे. दावा नाकारला गेलाच, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि उत्तर न पटल्यास विमा लोकपालाकडे जावे. तिथे शुल्क लागत नाही आणि वकील नेमावा लागत नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

ज्यांना मोठा मुदतीचा विमा परवडत नाही त्यांच्यासाठी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे. १८ ते ५० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे संरक्षण त्यातून मिळते. तिथे ओढणाऱ्याचा आणि न ओढणाऱ्याचा दर वेगळा नाही. रक्कम लहान आहे. द्राक्षबागेचे कर्ज तिने फिटणार नाही. पण अडीनडीला ती हाती येते.

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट मागे पडू नये. विमा कंपनी ज्याला ‘जास्तीचा हप्ता’ म्हणते, त्याच्या मागे आयुष्यातली कमी झालेली वर्षे असतात. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी मोफत आहे आणि सरकारी दवाखान्यांतही समुपदेशन मिळते. कधीमधी घेणाऱ्याला सोडणे रोज घेणाऱ्यापेक्षा सोपे असते, कारण सवय अजून शरीराची झालेली नसते, प्रसंगाची असते. प्रसंग टाळता येतो. तोवर फॉर्मवर मात्र जे आहे ते लिहावे. त्या एका ओळीचे उत्तर देणाऱ्याला स्वतःला पुन्हा कधी वाचावे लागत नाही. ते वाचून दाखवले जाते त्याच्या घरच्यांना.